मांजराची पट्टी

मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, तुकडीत काळपट मांस कुठं असतं हे मालवणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. कुशीच्या मधोमध, कातडीला लागून, एक अरुंद पट्टी. आई ती काढून मांजराला घालायची.

म्हणूनच कोचीच्या फिशरीज हार्बरवर त्या सकाळी मी चक्रावलो. तमिळनाडूतल्या तूत्तूरच्या मच्छीमारांची लाँगलाइनची, म्हणजे लांब दोरीला ओळीने गळ लावून मासे धरणारी, बोट तीन आठवड्यांनी परतली होती. बर्फातून त्यांनी माको ओढून काढला, मोरीचीच एक जात. दोन मीटरला जरा कमी, पाठ शाईसारखी निळी, मिटल्या तोंडातूनही बाहेर आलेले दात. आमचं काम लांबी मोजायची, नर-मादी बघायची, पोटात काय आहे ते नोंदवायचं. सोबतच्या नव्या मुलीने "सर, हा उष्णरक्ती ना?" म्हणत थर्मामीटर खुपसला. दोन अंश! इतके दिवस बर्फात पडलेला मासा दुसरं काय दाखवणार?

लिलाव झाला. गिऱ्हाइकाच्या माणसाने आडवा काप घेतला आणि माझी पट्टी गायब! कातडीखाली सगळं फिकट गुलाबी. लाल मांस होतं पार आत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, जांभळाच्या रंगाचं. केरी आणि टील या शास्त्रज्ञांनी माकोचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं हे १९६९ सालीच लिहिलं होतं, मी ते वाचलंही होतं. पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

त्या मांसाच्या कडेला बोट फिरवलं तर दोऱ्याच्या लडीसारखं लागलं. धमन्या आणि शिरा, एकमेकींना खेटून. लाल मांस पोहताना सतत राबतं, म्हणून तापतं. एरवीच्या मोरीत ती ऊब रक्ताबरोबर कल्ल्यांत जाते आणि समुद्राला मिळते. इथे बाहेर निघालेलं ऊन रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊनच पुढे सरकतं. डोळे, मेंदू, पोट यांनाही अशीच सोय. याच कुळातली अलास्काकडची सॅमन शार्क तर पाण्यापेक्षा २० अंशांपर्यंत गरम राहते.

"मग हृदय सगळ्यात गरम?" मुलीने विचारलं. उलट! हृदयाकडे पोचणारं रक्त ऊब मागे ठेवून आलेलं, त्यामुळे ते जवळपास समुद्राइतकंच थंड. उष्णरक्ती म्हणतात खरं, पण मला तो शब्द तेव्हापासून खटकतो.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मगे मांजराक काय घालतत?"