गटारीच्या रविवारी आमच्याकडे माती मळतात

आषाढ संपत आला की व्हॉट्सअपवर गटारीचे जोक चालू होतात, तुम्हाला पण येत असतील, गटारात आडवा पडलेला माणूस आणि वर "हार्दिक शुभेच्छा". मला त्यातल्या एकाचंही हसू येत नाही, घरात जे बघितलंय त्याच्यावर जोक कसला करायचा. पण त्याच दिवसांत आमच्या ग्रुपवर वेगळीच गडबड असते, माती आली का, बाजरीचं पीठ कोण आणतंय, गेल्या वर्षीचे ब्रश कुणाकडे राहिलेत (ते कधीच कुणाकडे नसतात). कारण गटारीचा रविवार म्हणजे आमचा वार्षिक मेळावा.

अमावस्या मंगळवारी असो नाहीतर गुरुवारी, गटारी त्याच्या अलीकडच्या रविवारीच असते हे सगळ्यांना माहितीय, मटणाच्या दुकानापुढची रांग बघितली की कॅलेंडर बघायची गरजच नाही. दारू सोडलेल्या माणसाला वर्षातले दोन दिवस जड जातात, एकतीस डिसेंबर आणि हा. मित्र घरी येतात, "आज तर चालतंय की", "एकच घे". म्हणून 2015 ला आमच्या कराडच्या फॉलोअप ग्रुपनं, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या ग्रुपनं, ठरवलं की हा रविवार कुणी एकट्यानं घरी काढायचा नाही, बायकापोरांसकट सगळ्यांनी शाळेच्या एका वर्गात जमायचं आणि दुपारी चार ते रात्री नऊ तिथंच बसायचं. वेळ मुद्दाम तशी. संध्याकाळी सहा-सात वाजले की ज्याला प्यायची सवय होती त्याचे पाय आपोआप वळतात, ते दोन तास टळले की पुढची रात्र निघते.

पण पाच तास बसून करायचं काय? भाषणं ऐकून ऐकून सगळे कंटाळलेले. तेव्हा आमचे चित्रकलेचे सर (नाव लिहीत नाही, आमच्यात कुणाचंच नाव बाहेर सांगायचं नसतं) म्हणाले, हाताला काम देऊया. त्यांचा धाकटा भाऊ पुण्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आलेला. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र ते, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला सुरुवातीला पैशाची मदत केली होती. अनिल अवचट स्वतः ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, लाकूड कोरायचे. सर सांगतात, भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात कागदाचे पक्षी होते, आणि आधी त्याच खिशात काय असायचं ते घरच्यांनाच माहीत.

म्हणून पहिल्या वर्षी ओरिगामी. आणि ती सपशेल फसली. कागदाला घडी बरोब्बर लागते, कोपऱ्याला कोपरा, आणि नुकत्याच सोडलेल्या माणसाचे हात तसे ऐकत नाहीत. आमच्या ह्यांना तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पिण्याच्या दिवसांत सकाळी ह्यांना चहाचा कप धरता यायचा नाही, बशीत सांडायचा, म्हणून मी अर्धाच कप भरायचे, आणि सोडल्यावरपण थोडी थरथर राहिलेलीच. तिसऱ्या घडीला ह्यांनी कागद चुरगळला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. मी मागे गेले नाही. खरं सांगते, मला रागच आला होता, इतकी वर्षं मी काय काय धरून ठेवलं आणि ह्या माणसाला एक कागद धरता येईना.

पुढच्या वर्षी सरांनी कुंभारमामांना बोलावलं. मामा आयुष्यात कधी प्यायलेले नाहीत, पण त्यांचा भाऊ त्यात गेला, म्हणून एका शब्दावर आले, सायकलला मातीचं पोतं बांधून. म्हणाले, "आधी मळा. अर्धा तास नुसती मळा, हवा राहिली तर भट्टीत फुटंल." आणि सगळे मळायला लागले. रिक्षावाले, बँकेतले साहेब, एक निवृत्त हवालदार, सगळे गुडघ्यावर बसून. माती मळताना हात थरथरतोय का हे कुणाला दिसतच नाही हो. थरथर त्याच्यात जिरून जाते. मग गोळा घ्यायचा, मध्ये अंगठा दाबायचा, फिरवत फिरवत कडा वर आणायची, पुढून चिमूट काढली की वातीला जागा झाली. दिवाच करायचा, कारण गटारी म्हणतात तीच दीप अमावस्या, आमच्या आजीच्या भाषेत दिव्यांची आवस. घरातल्या समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडायच्या, भोवती रांगोळी, पूजा, आणि नैवेद्याला बाजरीच्या नाहीतर कणकेच्या पिठात गूळ घालून उकडलेले दिवे. एवढा सुंदर सण आणि नाव काय पडलं बघा.

त्या वर्षी एक घोळ झाला. उत्साहाच्या भरात संध्याकाळी आम्ही ते ओले-सुके दिवे तसेच तेल घालून लावले. कच्ची माती ती, तेल पिऊन टाकलं आणि पाच मिनिटांत निम्मे दिवे विझले. हवालदार काका म्हणाले, "आमच्यासारखेच आहेत, कितीबी ओता, पुरत नाही." पाच सेकंद सगळे गप्प आणि मग जे हसायला लागले! बायका सगळ्यात जास्त. मी पण. मला वाटतं आपल्या घरातल्या त्या गोष्टीवर मी पहिल्यांदा तेव्हा हसले असेन. जोक तोच असतो म्हणा, सांगणारा कोण त्यावर सगळं. तेव्हापासून रविवारी केलेले दिवे सावलीत वाळवून मामांच्या भट्टीत जातात आणि पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात लावले जातात, म्हणजे आपला दिवा लागलेला बघायचा तर एक वर्ष थांबावं लागतं. हे काही कुणी डोकं लावून ठरवलेलं नाही, भट्टीच्या सोयीनं झालं.

जेवणाचा वाद मात्र दरवर्षीचा. एक पार्टी म्हणते मटण नको, वासानं आठवण येते, दुसरी म्हणते दारू सोडलीय, मटण सोडायचं कुणी सांगितलं. दोन वर्षं मटण झालं, मग मटकीची उसळ आणि बाजरीचे दिवे तूप घालून. 2019 चे दिवे वर्गात वाळत ठेवलेले, आठवड्याभरात कृष्णेला पूर आला, त्या गडबडीत ते कुठे गेले कळलंच नाही. 2020 ला लॉकडाऊन, प्रत्येकजण आपापल्या घरी कणीक मळून व्हिडिओ कॉलवर, निम्म्यांचे कॅमेरे छताकडे. 2023 ला अधिक श्रावण आला, आणि काही महाभागांनी दोन अमावस्या दोन गटाऱ्या म्हणून साजऱ्या केल्या, मग आम्ही पण मेळावा दोनदा घेतला. माती कमी पडली.

सगळं गोडच असतं असं नाही. पिऊन आलेल्याला वर्गात घ्यायचं नाही हा नियम आहे आणि तो मला पटतो, पोरं असतात तिथं. एका वर्षी आमच्यातले एक रिक्षावाले काका स्लिप होऊन (म्हणजे सोडलेली परत पिऊन) तसेच आले, चार वर्षांनी. दाराबाहेर उभे, आत यायला लाजत होते. सरांनी नियम मोडला नाही, पण मातीचा गोळा बाहेर नेऊन दिला आणि स्वतः त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. काकांनी दिवा केलाच नाही, हत्ती केला, सोंड मोडकी. नंतर दोन वर्षं चांगले आले आणि मग लिव्हरनं गेले. हत्ती सरांच्या कपाटावर आहे. मातीनं दारू सुटते असं मी कधीच कुणाला सांगणार नाही, त्याला ट्रीटमेंट लागते, औषधं लागतात, मीटिंगा लागतात, आणि तरीपण माणूस जातो.

माझी लेक पहिली दोन-तीन वर्षं बापाजवळ बसायचीच नाही, लांब खिडकीपाशी. दिवा केला तर आतून काळा रंगवायची. सरांनी कधी का म्हणून विचारलं नाही, फक्त काळा रंग जास्त आणायला लागले. आता ती पुण्याला शिकते, सुट्टी मिळाली तर येते. ह्यांच्या शेजारी बसते का? कधी बसते, कधी नाही.

गेल्या वर्षी एक नवीन पोरगा आला होता, पंचविशीचा असेल, आई घेऊन आलेली. माती मळून झाली, चहा आला आणि तो हात मांडीखाली दाबून बसला, "मी चहा घेत नाही" म्हणाला. आई म्हणाली, अरे घेतोस की. आमचे हे उठले, काही बोलले नाहीत, स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला आणि परत येऊन आपली माती मळायला लागले.