वहिवाटीची तीस वर्षं

"इटालियन आणि कायदा? म्हणजे माफियावर काही करायचा विचार आहे का?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की शेवटी शेवटी मी सरळ "हो" म्हणायला लागले. विषय तरी संपायचा.

खरं कारण सांगायलाही लाज वाटावी असं आहे. लीगल स्टडीज माझा मुख्य विषय. जोडीला समाजशास्त्र घ्यायचं होतं, पण त्याचे तास नेमके करार-कायद्याच्या तासांवर येत होते. मंगळवार-गुरुवार सकाळी मोकळं कोण, तर इटालियन. घेतलं.

(आणि लीगल स्टडीज केलं म्हणून वकिली करता येत नाही. त्याची पदवी वेगळी, सनद वेगळी. इथे कायदा कुठून आला, कोणासाठी झाला, कोर्टात आणि कोर्टाबाहेर कसा वागतो, हे शिकवतात. हे मी घरी बऱ्याचदा समजावलंय. उपयोग शून्य.)

पहिलं दीड वर्ष दोन्ही विषय एकमेकांना ओळख देत नव्हते. उलट एकातलं दुसऱ्यात नेलं की माती व्हायची. कायद्याच्या वर्गात ज्युरिस्प्रुडन्स म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान. इटालियनमध्ये 'जुरिस्प्रुदेन्त्सा' म्हणजे कायद्याचा अभ्यासक्रम, नाहीतर कोर्टांचे आजवरचे निवाडे. 'सेन्तेन्त्सा' हा शब्द तर मी इंग्रजीच्या भरवशावर 'शिक्षा' असा लावला. त्याचा अर्थ निकाल. उतारा जमिनीच्या दाव्याचा होता, आणि माझ्या भाषांतरात प्रतिवादीला बिचाऱ्याला शिक्षा झाली.

मग चौथ्या सेमिस्टरला भाषेच्या इतिहासाच्या तासाला एक हँडआउट आलं. वर दोन ओळी लॅटिन, मधे ठळक अक्षरात हे:

साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनी के की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदिक्ती.

मार्च 960, दक्षिण इटलीतलं कापुआ. इटालियन भाषेचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण बोलीभाषा कागदावर इतकी स्पष्ट यायची ही पहिलीच वेळ. अर्थ साधारण असा: 'मला ठाऊक आहे की त्या जमिनी, इथे लिहिलेल्या त्या हद्दींसह, तीस वर्षं संत बेनेडिक्टच्या पक्षाच्या ताब्यात होत्या.' एकीकडे संत बेनेडिक्टने स्थापलेला मोन्तेकासिनोचा मठ, दुसरीकडे जमिनीवर हक्क सांगणारा रोदेलग्रिमो नावाचा माणूस. मठाचे तीन साक्षीदार आले. प्रत्येकाने हद्दींचं टिपण एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने त्याला स्पर्श केला आणि हेच वाक्य शब्दशः म्हटलं. बाकी सगळा दस्तऐवज लॅटिनमध्ये. जमलेल्यांना कळावं म्हणून तेवढी साक्ष त्यांच्या बोलीत ठेवली असावी, असं मानतात.

म्हणजे इटालियनचं हे पहिलंवहिलं वाक्य प्रेमाचं नाही, देवाचं नाही. वहिवाटीच्या दाव्यातली साक्ष आहे!

भाषेच्या बाई 'साओ'वर थांबल्या. त्या भागातल्या बोलीत 'साच्चो' अपेक्षित होतं, मग 'साओ' कुठून आलं, यावर अभ्यासकांनी भरपूर शाई खर्च केलीय. मी मात्र 'त्रेन्ता आन्नी'वर अडकले होते. तीस वर्षं हा आकडा रोमन कायद्यातल्या दीर्घ मुदतीचा, म्हणजे इतकी वर्षं ताबा राहिला की त्याविरुद्ध दावा चालत नाही. आदल्याच दिवशी कायद्याच्या तासाला आम्ही तो शिकलो होतो. आणि साक्षीदारांना सूचक प्रश्न विचारू नयेत हेही. इथे तर न्यायाधीशाने पूर्ण वाक्यच हातात दिलं होतं.

मी त्यावरच निबंध लिहिला आणि ऐटीत दिला. परत आला तेव्हा दुसऱ्याच पानावर लाल गोल: मी 'पोस्सेत्ते'चं भाषांतर 'मालकी होती' असं केलं होतं. बाजूला दोनच शब्द, 'ताबा. मालकी?' गंमत म्हणजे हा शेरा कायद्याच्या नव्हे, भाषेच्या बाईंचा. परत वाचल्यावर पटलं. साक्षीदार कुठेही 'जमीन मठाची आहे' म्हणत नाही. हद्द कुठली, ताबा कोणाचा, किती वर्षं, एवढंच त्याला ठाऊक आहे आणि तेवढंच तो बोलतो. मालक कोण, ते कोर्टाने ठरवायचं. आमच्या पुराव्याच्या कायद्याच्या जाड पुस्तकाने जे मला प्रकरणभर सांगितलं होतं, ते या एका ओळीत होतं, आणि मीच ते पुसून टाकलं होतं.

त्यानंतर मला इटालियनच्या तासाला जिथे तिथे कोर्ट दिसायला लागलं. महाकवी दान्तेवर 1302 मध्ये खटला. आधी दंड आणि हद्दपारी, मग सापडला तर जिवंत जाळा असा हुकूम. हाच माणूस पुढे आपल्या काव्यात रोमन कायद्यांची संहिता करवणाऱ्या सम्राट जस्टिनियनला स्वर्गात बसवतो आणि त्याच्या तोंडून वदवतो, की मी कायद्यांतलं फालतू आणि फाजील काढून टाकलं.

एक तक्रार मात्र आहेच. सोमवारी कायद्याच्या तासाला आम्ही बेक्कारिया वाचायचो. छळ आणि मृत्युदंडाविरुद्ध त्याने 1764 मध्ये लिहिलं. गुरुवारी इटालियनच्या तासाला कादंबरीकार मान्झोनी वाचायचो. 1630 च्या प्लेगात मिलानमध्ये, भिंतींना विषारी लेप फासल्याच्या आरोपावरून माणसांना छळ करून कबुली द्यायला लावली आणि ठार मारलं, त्या खटल्याबद्दल त्याने लिहिलंय. मान्झोनी हा बेक्कारियाच्या मुलीचा मुलगा. आजोबा एका इमारतीत, नातू दुसऱ्या इमारतीत, आणि सबंध सेमिस्टरभर दोन्हीकडच्या एकाही शिक्षकाने हे नातं सांगितलं नाही. मला ते कळलं एका तळटीपेत, परीक्षेच्या आदल्या रात्री.

शेवटच्या वर्षी तुलनात्मक कायद्याच्या पेपरात प्रश्न आला: इटलीच्या 1942 च्या दिवाणी संहितेनुसार स्थावर मालमत्तेवर ताब्याने मालकी मिळायला सर्वसाधारणपणे किती वर्षं लागतात? उत्तर वीस. मी न थांबता तीस लिहिलं, खाली रेघही ओढली.

दोन मार्क गेले.