डाव्या फुटवेलची गळती: विंडशील्ड निर्दोष, चोर दारात सापडला

पावसानंतर गाडीच्या डाव्या फुटवेलमध्ये, म्हणजे पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत, पाणी साचत होतं. त्यासाठी विंडशील्ड काढून पुन्हा चिकटवण्याचा बेत आता रद्द. मागच्या नोंदीत सगळा संशय काचेच्या वरच्या कोपऱ्यावर होता, तो चुकीचा ठरला.

एसीचा ड्रेन (पाणी बाहेर सोडणारी नळी) आणि हीटर कोर (कूलंटवर चालणारा हीटरचा छोटा रेडिएटर) संशयितांच्या यादीतून आधीच बाद झाले होते. पाणी फक्त पावसानंतरच येत होतं आणि त्याला कूलंटचा गोडसर वास किंवा चिकटपणा नव्हता. या वेळी वायपरखालची जाळी काढून पाइपचं तोंड उघडं ठेवलं, दाब न देता. आधी काउलवर, म्हणजे विंडशील्डखालच्या पन्हळीवर, दहा मिनिटं, मग काचेच्या खालच्या कडेपासून वर सरकत आणखी दहा मिनिटं पाणी सोडलं. आत सगळं कोरडं. क्रम खालून वरच हवा. सुरुवातच छतापासून केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही.

मग उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी काढून तिथं खडूची पूड भुरभुरली आणि पुढच्या डाव्या दाराच्या काचेवर बारीक धार धरली. चौथ्या मिनिटाला स्पीकरच्या खालून पहिला थेंब पडला आणि पुडीत ओघळाची स्वच्छ रेघ उमटली! ती सरळ कार्पेटखाली जात होती. गाडी उतारावर, नाक खाली करून उभी असते, म्हणून दारातून शिरलेलं पाणी पुढे साचत होतं आणि दोष विंडशील्डवर जात होता.

दारात पाणी शिरणं हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या रबरपट्टीतून ते आत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. केबिनकडे येऊ न देण्याचं काम दाराच्या आतल्या पॅनलमागच्या मेम्ब्रेनचं, म्हणजे पॉलिथिनच्या पडद्याचं. इथं तिला दाराला चिकटवून ठेवणारं ब्यूटाइल (चिकट रबरी सीलंट) वाळून भुकटी झालं होतं. त्याहून वाईट म्हणजे खालची कड खाचेतून दाराच्या आत घालायची असते, ती पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत बाहेरच राहिली होती. म्हणजे मेम्ब्रेनवरून उतरणारा प्रत्येक थेंब नेमका उंबऱ्यावर. तळाच्या तीनपैकी दोन भोकं चिखलानं बुजलेली. ती केबल टायनं मोकळी केली. स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो.

पॅनल उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा. काही गाड्यांत धडकेत दारातल्या हवेचा वाढलेला दाब ओळखणारा साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो, त्यामुळे मेम्ब्रेनला जादा भोक नको आणि ती अर्धवट चिकटवलेलीही नको. जुनं ब्यूटाइल काढायला ताज्या ब्यूटाइलचाच गोळा उत्तम, दाबायचा आणि झटकन उचलायचा. उरलेला थर आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसला. ६ मिमीची गोल ब्यूटाइल दोरी एकसलग फिरवली. सांधा वरच्या बाजूला ठेवून टोकं दोन सेंटिमीटर एकमेकांवर घेतली, कारण तळाशी सांधा म्हणजे पुढची गळती. हेअर ड्रायरनं कोमट करून रोलरनं दाबलं.

इथं सिलिकॉन वापरूच नये. पॉलिथिनला ते धरत नाही, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि पुढच्या वेळी ते खरवडताना मेम्ब्रेन फाटते ते वेगळंच.

वीस मिनिटं धार धरली. उंबऱ्यावर पसरलेला टिश्यू शेवटपर्यंत कोरडा राहिला. या क्षणासाठी केलेली सगळी खटपट वसूल!

कार्पेट वरून कोरडं लागत होतं, पण खालचा फोम पिळल्यावर पाणी गळलं. व्हॅक्यूमनं ओढून, खाली लाकडी ठोकळे सरकवून पंखा लावलाय. सीटखालचे वायरींचे कनेक्टर उघडून गंजाचा हिरवट थर आलाय का ते बघायचंय.

पुढचा बेत मागच्या डाव्या दाराचं पॅनल काढायचा होता, कारण तिथंही थोडी ओल आहे. पण हे लिहिताना सुचलं, की आधी चारही दारांच्या काचांवर पाणी ओतून तळाचे थेंब बघावेत. ज्या दारातून धार नीट बाहेर पडत नाही, त्याची भोकं आधी साफ करायची. मागच्या दारात तेवढ्यानं ओल थांबली नाही तरच पॅनलला हात, आणि त्यानंतर टेललाइटचं गॅस्केट (रबरी सील).