मोंढ्यातली हिंदी बिघडलेली आहे का?

मी परभणीत भाषा शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न मला कायम येतो, "सर, मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, हमाल न् मुकादम जी हिंदी बोलतात ती बिघडलेलीच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बिघडलेली नाही, कामापुरती जुळवलेली आहे. जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बिहारची माणसं येतात, मुकादम इथलाच, तो म्हणतो "उद्या आने का नको, परवा आव", समोरचा "हव" म्हणतो अन् काम होऊन जातं. असं बोलणं बऱ्याच लोकांत ठरून गेलं, पण कुणाचीच मायबोली नसली, तर तिला पिजिन म्हणतात. मोंढ्यातली अजून तिथवर गेलेली नाही, पण वाट तीच.

खरी गंमत पुढं आहे. हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्सचे मजूर आले, त्यांची मोडकी इंग्रजी ऐकत पोरं वाढली अन् त्या पोरांच्या तोंडी ती पूर्ण भाषा झाली, म्हणजे क्रिओल. तिथं "आय स्टे ईट" म्हणजे "मी जेवायलोय". आपल्या "यलोय"चं काम तिथं "स्टे" करतो! ही चूक नाही हो, हे व्याकरण आहे.

आपली दखनी, म्हणजे मराठवाडा-हैदराबादकडची हिंदी-उर्दू, मात्र क्रिओल नाही. 1327 मध्ये तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, दिल्लीकडची बोली इथं रुजली अन् मराठीचा "च" न् "नक्को" घेऊन बसली, पण ती मोडून परत उभी राहिलेली नाही, शेजारानं रंगलेली आहे. अन् मराठीचं काय? फ्रँकलिन साउथवर्थ या अभ्यासकानं 1971 मध्ये मांडलं की मराठीच्या मुळाशीसुद्धा द्राविडी, म्हणजे तेलुगू-तमिळच्या कुळातल्या, भाषांशी मिसळून पिजिन-क्रिओलसारखी घडामोड असावी. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण ऐकणाऱ्याला धरून "आपण", त्याला सोडून "आम्ही", हा भेद द्राविडी भाषांत आहे अन् आपल्यातही, एवढं खरं.

मग जिनिंगवरची पोरं नवीन भाषा का करत नाहीत? कारण गल्लीत, शाळेत अख्खी मराठी आयती आहे. तिथल्या एका कामगाराची मुलगी माझ्या वर्गात आहे, घरी भोजपुरी. परवा वडील न्यायला आले, फाटकातूनच "गाड़ी आ गइल" म्हणाले, ती दप्तर उचलून मला म्हणाली, "सर, गाडी आलीय, आम्ही निघायलोत." आपण नाही, आम्ही. हे तिला मी कधीच शिकवलं नव्हतं.