रूटच्या पेटीतली सोळा पत्रं

रोजच्या बॅकअप स्क्रिप्टच्या लॉगमध्ये एकाखाली एक २१ ओळी होत्या. तारीख प्रत्येकीची वेगळी, मजकूर एकच: ‘बॅकअप फेल, मेल पाठवला.’ माझ्या इनबॉक्समध्ये त्यातला एकही मेल नव्हता.

सकाळी अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी अगदी निवांत होतो. सामायिक फोल्डरमधली एक वर्कशीट त्यांच्या हातून पुसली गेली होती. “कालची कॉपी तेवढी परत टाका ना, तुमचं दोन मिनिटांचं काम,” त्या म्हणाल्या, आणि मीही ‘टाकतो’ म्हणून मोकळा झालो. बॅकअप उघडला तर शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. डिस्क भरली होती आणि त्यानंतर प्रत्येक रात्री काम अर्ध्यावर थांबलं होतं. वर्कशीट मात्र दोन आठवड्यांपूर्वी जन्माला आलेली. म्हणजे आमच्याकडे ती कधी आलीच नव्हती.

डिस्क भरणं हा काही मोठा गुन्हा नाही, डिस्का भरतातच. मला कळलं कसं नाही, हा खरा प्रश्न होता. रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी यंत्रणा) ती स्क्रिप्ट चालवायचं. सगळं सुरळीत झालं तर गप्प, बिघडलं तरच मेल. रोज ‘सर्व ठीक’चा मेल आला की आठवडाभरात तो वाचायचं बंद होतं, हा युक्तिवाद माझाच होता आणि तो मी मोठ्या ऐटीत मांडला होता.

माझ्यासोबतचा मुलगा तोवर त्या सर्व्हरवर जाऊन बसला होता. “सर, मेल कमांड तर चालतेय. एरर नाही, एक्झिट कोड शून्य.”

शून्य म्हणजे कमांड विनातक्रार संपली, आणि शून्यच येणार होता. मेल कमांड पत्र लिहून घेते, पण पोस्टमन ती नव्हे. १९७८ साली कर्ट शोन्स यांनी बीएसडी युनिक्ससाठी जी मेल कमांड लिहिली, तिच्याच वळणाच्या कमांड आजही वापरात आहेत, आणि विषय, मजकूर, पत्ते गोळा करून तो गठ्ठा मेल पोचवणाऱ्या सेंडमेल नावाच्या प्रोग्रामकडे सरकवणं एवढंच त्यांचं नेहमीचं काम. आमच्या सर्व्हरवर सेंडमेलच्या जागी पोस्टफिक्स आहे. मूळ सेंडमेल एरिक ऑलमन यांचा, पोस्टफिक्स वित्से वेनेमा यांचा. दोन्ही आतून पूर्ण वेगळे. तरीही पोस्टफिक्स आपल्यासोबत सेंडमेल याच नावाचा एक छोटा प्रोग्राम ठेवतो, कारण जगभरच्या स्क्रिप्टांना तेच नाव पाठ आहे. हा छोटा प्रोग्राम पत्र मेलड्रॉप नावाच्या डिरेक्टरीत टाकतो आणि घरी जातो. तिथून पोस्टफिक्सचाच पिकअप ते उचलतो, क्लीनअप त्याचे हेडर (पत्ते, विषय अशा वरच्या ओळी) नीट करतो, मग रांग, मग पलीकडच्या सर्व्हरशी बोलणी. पुढच्या या सगळ्या वाटेचा त्या शून्याशी काही संबंध नाही. पत्र पेटीत पडलं, एवढंच शून्य सांगतं. ‘मेल पाठवला’ ही ओळ मी त्या शून्यावर विसंबून लिहायला लावली होती.

“मेलक्यू मार,” मी म्हटलं.

ही कमांड अडकलेल्या पत्रांची रांग दाखवते. रांगेत पाच पत्रं होती. प्रत्येकाखाली कंसात कारण: चारशे पन्नास, सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव सापडत नाही. आमच्याच संस्थेचा मेल सर्व्हर आमचंच पत्र घ्यायला तयार नव्हता. मुलाने बरोबर जागी बोट ठेवलं. “सर, सेंडरच्या जागी रूट दिसतंय. स्क्रिप्टमध्ये तर आपण बॅकअपचा पत्ता टाकलाय.”

रूट म्हणजे मशीनचा मुख्य, सर्वाधिकारी यूजर. बॅकअपचा पत्ता मी टाकला होता, पण पत्राच्या आत. आमच्या मेल कमांडमध्ये मायनस ए या पर्यायाने हवा तो हेडर जोडता येतो, आणि मी त्यात फ्रॉमची ओळ दिली होती. ती ओळ पत्राच्या कागदावर छापली जाते आणि वाचणाऱ्याला तीच दिसते. सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते मात्र पाकिटावरचा पत्ता बघून. एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हर ज्या भाषेत एकमेकांना मेल देतात तिच्या, संभाषणात ‘मेल फ्रॉम’ म्हणून जो पत्ता सांगितला जातो, तो हा. या दोन गोष्टींचे नियमसुद्धा वेगळे लिहिलेत: ऑगस्ट १९८२ मध्ये इंटरनेटच्या नियमपुस्तिकांपैकी आरएफसी ८२१ पाकिटासाठी आणि ८२२ पत्रासाठी, एकाच महिन्यात दोन वेगळे दस्तऐवज. पाकिटावर काय घालायचं हे तुम्ही सांगितलं नाही तर सेंडमेल कमांड चालवणाऱ्याचं लॉगिन नाव घेते आणि त्याला पोस्टफिक्समध्ये ‘मायओरिजिन’ म्हणून ठेवलेलं नाव चिकटवते. स्क्रिप्ट रूटची, म्हणून रूट. मायओरिजिन आम्ही बदललं नव्हतं, म्हणून सर्व्हरचं स्वतःचं नाव.

इथे तीन महिन्यांपूर्वीची एक गोष्ट मला आठवली आणि कान गरम झाले. जुना सर्व्हर बदलून आम्ही नवा लावला होता. जुन्याचं नाव डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, नोंदलेलं होतं. नव्याला आम्ही घरगुती नाव दिलं, जे त्या खोलीबाहेर कुणालाच ठाऊक नाही. जुन्यावरूनही पाकिटावर रूटच जायचं, पण डोमेन खरं असल्यामुळे कुणी अडवत नव्हतं. म्हणजे चूक वर्षानुवर्षं जागेवरच होती, फक्त तिची किंमत कधी मोजावी लागली नव्हती.

आणि चाचणी? केली होती की! हाताने. टर्मिनलवर मेल कमांड लिहिली, सवयीने मायनस आर देऊन पाठवणाऱ्याचा पत्ता घातला, मिनिटभरात पत्र पोचलं, मी यादीवर टिकमार्क केला. आमच्याकडच्या मेल कमांडमध्ये मायनस आर हेडर आणि पाकीट दोन्हींवर पत्ता टाकतो. स्क्रिप्टमध्ये होता मायनस ए. मी वेगळीच कमांड तपासून स्क्रिप्टला पास केलं होतं. (सगळ्या मेल कमांड सारख्या असतात असंही नाही. काहींत मायनस ए म्हणजे फाइल जोडणं. नाव एक, घराणी अनेक. मशीन बदललं की मॅन्युअल उघडावं लागतं.)

“पण सर, पत्रं पाचच कशी? एकवीस हवीत.”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. चारशेच्या घरातलं उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पोस्टफिक्स अशा पत्रासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालतो, आणि मुद्दाम बदललं नसेल तर पाच दिवसांनी हात टेकतो. तोवर पाठवणाऱ्याला चकार शब्द सांगत नाही, कारण उशिराची सूचना द्यायची सेटिंग मुळात बंद असते. हात टेकल्यावर मात्र पत्र परत पाठवतो, आणि परतीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा रिकामी ठेवतो, म्हणजे परतीचं पत्र पुन्हा परत येऊन फेऱ्या सुरू व्हायला नकोत. परत पाठवायचं कुणाला? पाकिटावर ज्याचं नाव त्याला.

रूटला. त्याच मशीनवरच्या रूटला.

मी रूट म्हणून आत गेलो आणि स्क्रीनवर नेहमीची ओळ आली: ‘यू हॅव न्यू मेल’. नेहमीची म्हणतोय, कारण गेले कित्येक दिवस मी तिथे गेलो की ती यायची आणि मी पुढची कमांड टाइप करायचो. त्या दिवशी पेटी उघडली. क्रॉनच्या किरकोळ कुरकुरींच्या गर्दीत परत आलेली पत्रं मोजली. सोळा. रांगेतली पाच धरून एकवीस. प्रत्येकाच्या पोटात माझ्याच स्क्रिप्टचं मूळ वाक्य जसंच्या तसं: डिस्कवर जागा नाही. पहिलं पत्र परतलं होतं त्याला पंधरा दिवस उलटले होते. म्हणजे ते मी त्याच दिवशी वाचलं असतं तर मॅडमची वर्कशीट बहुतेक वाचली असती.

दुरुस्तीतही एकदा आपटलो. डिस्क मोकळी केली, स्क्रिप्टमध्ये मायनस आर घातला, मायओरिजिन बदललं आणि रांग पुन्हा ढकलली. पाचही पत्रं त्याच कारणाने परत रांगेत. पाकीट रांगेत जातानाच लिहून होतं, नंतर सेटिंग बदलून त्यावरची शाई पुसली जात नाही. मग पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून देणारा कॅनॉनिकल तक्ता बनवला आणि पोस्टफिक्सच्या पोस्टसुपर कमांडला मायनस आर देऊन पत्रं नव्याने रांगेत घातली. तसं केलं की ती पुन्हा क्लीनअपमधून जातात आणि तिथे पत्ता बदलतो. माझा फोन पाच वेळा लागोपाठ वाजला. बॅकअप बंद पडल्याच्या पाच बातम्या, तारखेनुसार.

जेवताना मुलाने विचारलं, “पण मग पाकिटावर कुणीही काहीही लिहू शकतं?” लिहू शकतं. सेंडमेलला मायनस एफ देऊन कुठलाही पत्ता सांग, तो घेईल. म्हणूनच नंतर एसपीएफ आलं, जे पाकिटावरच्या डोमेनसाठी पत्र पाठवायचा या सर्व्हरला हक्क आहे का ते बघतं. मग डीएमएआरसी आलं. आतल्या फ्रॉमचं डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमने (पत्रावरच्या डिजिटल सहीने) पटलेल्या डोमेनशी जुळतं का, हे ते विचारतं. आमचं पत्र तर तिथवर पोचलंच नव्हतं, त्याला उंबऱ्यावरच थांबवलं होतं.

मॅडमना सांगायला मी स्वतः गेलो, फोनवर ते बोलवलं नसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपल्या ‘सेंट’मध्ये शोधायला लागल्या. आठ दिवसांपूर्वी साहेबांना पाठवलेली एक प्रत जोडलेली सापडली. उरलेल्या नोंदी त्यांनी दोन दिवस बसून पुन्हा भरल्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी, कुणाची पत्रं कुणाकडे वळवायची ते सांगणाऱ्या एलिअसेसच्या फाइलमध्ये रूटपुढे आमच्या टीमचा पत्ता लिहिला आणि तो बदल लागू करायला न्यूएलिअसेस चालवलं. मग स्क्रिप्टच वापरून, हाताने नव्हे, एक पत्र मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर पाठवलं. लॉगमध्ये ‘मेल पाठवला’. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. काही सेकंदांतच ते टीमच्या इनबॉक्समध्ये परत आलं: पाचशे पन्नास, असा कुणी इथे राहत नाही.

“आलं, सर!” मुलगा ओरडला. शेजारच्या टेबलावरच्यांना कळेना, पत्र परत आल्याचा एवढा आनंद कसला.