एका पानावरचे वर्ष

जुन्या वनस्पतिग्रंथांतील रंगीत चित्रे पाहू लागले की हात पुढचे पान उलटायला तयार होत नाही, आणि त्याचे कारण केवळ त्यांचे देखणेपण नसावे, असे मला हल्ली वाटू लागले आहे. छायाचित्र एका क्षणाचे असते. ही चित्रे मात्र झाडाचे अख्खे वर्ष एका पानावर मांडतात. पळसाचेच पाहा. नांदेडहून किनवटच्या रस्त्याने फाल्गुनात गेले, तर फुलांनी पेटलेल्या पळसावर पान औषधालाही सापडत नाही. ती म्हणीतली तीन पाने आणि चपट्या शेंगा यांच्यासाठी पुढे ऊन चढावे लागते. जुन्या पद्धतीचा चित्रकार मात्र पान, फूल, शेंग आणि बी शेजारीशेजारी काढून मोकळा होतो. असा पळस रानात कोणी पाहिलेला नसेल, तरीही अनोळखी माणसाला पळस ओळखायचा असेल तर मी त्याच्या हाती असेच चित्र देईन.

विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश वैद्य गोदावरीच्या मुखाकडील सामलकोट येथे राहत होता. आमच्या नांदेडच्या घाटांवरून गेलेले पाणी जिथे समुद्राला मिळते, त्या मुलखातील वनस्पतींची चित्रे त्याने स्थानिक चित्रकारांकडून काढून घेतली, आणि त्यांतील निवडक 300 चित्रे 1795 ते 1820 या काळात लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत आपला पळसही आहे. ग्रंथावर नाव रॉक्सबर्गचे. देठाचा बाक आणि पानाच्या शिरा ज्यांनी डोळ्यांत तेल घालून टिपल्या, त्यांची नावे बहुतांशी हरवली. मला ओढ आहे ती त्यांच्या नजरेची.

पक्ष्यांच्या चित्रांत गंमत वेगळी. अमेरिकेतील पक्षी चितारणाऱ्या ऑड्युबॉनचा हट्ट असा, की प्रत्येक पक्षी खऱ्या आकारातच काढायचा. साहजिकच सुमारे एक मीटर उंचीच्या कागदावरही फ्लेमिंगो मावेना, तेव्हा त्याने मान खाली वाकवली. जायकवाडीला हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो जातीने निराळे असले, तरी चिखलात चोच घालताना तेही असेच वाकतात, म्हणजे कागदाची अडचण पक्ष्याच्या स्वभावाला धरूनच सुटली. जर्मन चित्रकार ड्यूररने तर 1515 मध्ये गेंडा न पाहताच रेखाटला आणि त्याच्या खांद्यावर एक जास्तीचे शिंग बसवले. पुढे युरोपातील ग्रंथ दीर्घकाळ तेच गिरवत राहिले.

आता या चित्रांच्या प्रती चौकटीत घालून दिवाणखान्यासाठी विकल्या जातात, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कात्रीला. पानाच्या तळाशी बारीक आकडे घालून काढलेले उकललेले फूल, केसर आणि उभे कापलेले बी शोभेला अडतात म्हणून छाटले जातात. आणि ज्यासाठी चित्रकाराने डोळे शिणवले, नेमके तेच भिंतीवर पोहोचत नाही.