नवमीला गाठलेला सुळका

आमचं घर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात. भरती कधी आहे विचारलं की बाबा घड्याळ बघत नाहीत, तिथी विचारतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ मिळते. अशा घरातली मी, पण अंदमानला डायव्हिंगला जाताना फक्त विमानाचं स्वस्त तिकीट पाहिलं आणि नेमकी पौर्णिमा गाठली.

स्वराज द्वीपजवळचा डिक्सन्स पिनॅकल म्हणजे पाण्याखालचा सुळका. त्याचा माथाच 18 मीटरच्या आसपास. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सची मर्यादा तिथेच संपते, म्हणून मी अ‍ॅडव्हान्स्डही केला होता. त्याआधी ठाण्यात स्विमिंग पूलमध्ये मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारी नळी) परत पकडणं, सगळं घोटून झालं होतं. पण पूलच्या पाण्याला ओढ नसते.

प्रतिपदेला उतरलो. दोरी धरली तर मी निशाणासारखी आडवी. बुडबुडे वर जायच्या ऐवजी मागे पळत होते. तोंड जरा बाजूला वळवलं की मास्क थरथरायचा. 20 मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. त्यात मी धापा टाकत होते. सुळक्याची नुसती निळी सावली दिसली तोवर टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा 200 वरून 110 बारवर आला. इन्स्ट्रक्टरने अंगठा वर केला, म्हणजे वर चला. बोटीत मला रडू आवरेना, पण त्याचा निर्णय बरोबर होता.

रात्री बाबा फोनवर म्हणाले, "अगं, पुनवेच्या उधाणात कशाला उतरलीस? अष्टमी उलटू दे, भांगाचं पाणी लागेल." भरतीची वेळ जागेनुसार बदलते, पण उधाण आणि भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी असण्याचे दिवस, सगळीकडे चंद्रावरच. मी तिकीट पुढे ढकललं. मधले दिवस उथळ पाण्यात एवढंच केलं: पाय कमी मारायचे, श्वास सावकाश सोडायचा.

नवमीला पाण्याला ओढ होती, पण अंगावर येणारी नव्हती. खडकाच्या आडोशाला शिरले आणि श्वास आपोआप लांबला. समोर जांभळे, केशरी मऊ प्रवाळ. अगदी जवळ जाऊन पाहिलं: करंगळीएवढ्या फांदीवर दाटीने पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, प्रत्येकाला आठ इवल्या स्पर्शिका, सगळ्या पसरून वाहत्या पाण्यातलं प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, टिपत होत्या. आडोशाच्या बाजूला हेच प्रवाळ विरळ होते. धारेच्या बाजूला मात्र खडक दिसायलाच जागा नव्हती, आणि तिथेच फ्युजिलिअर माशांचा थवा धारेकडे तोंड करून जागच्या जागी पोहत होता.

100 बारला परत फिरलो. 5 मीटरवर दोरीला धरून तीन मिनिटं थांबलो, बोटीत चढताना काटा 60 वर होता.

संध्याकाळी बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "ओढ केवढी होती?" मासे कुठले दिसले, ते नंतर.